बहात्तर सेंटीमीटर

शाळेच्या ओसरीत एक जुना फळा धूळ खात पडला होता. जूनमध्ये मी तात्पुरत्या जागेवर रुजू झालो आणि महिन्याभरात त्यावर 'आजच्या बातम्या' सुरू केल्या. रोज सकाळी दोन पोरांनी एकेक बातमी लिहायची. नियम एकच. ऐकीव बातमी चालणार नाही. स्वतः पाहिलेली असली पाहिजे, आणि मोजता येत असेल तर मोजलेली. 'लई मोठा साप निघाला' ही बातमी मी परत पाठवली. पोरं दुपारी त्याची कात घेऊन आली, मोजपट्टी लावली, एकशे अठरा सेंटीमीटर भरली, तेव्हा ती फळ्यावर लागली.

पंधरा ऑगस्टला 'आपला जिल्हा आता लातूर' ही बातमी लागली. ती मात्र कुणाला मोजता आली नाही. भिंतीवरच्या नकाशात आम्ही उस्मानाबादच होतो. सातवीतल्या महानंदाने वर्तमानपत्रातला नकाशा समोर ठेवून पेन्सिलीने नवी हद्द काढली आणि आतल्या भागाला लाल खडू लावला. ती शेतमजुरी करणाऱ्या गुरुलिंगप्पाची मुलगी. वर्गात हुशार होती असं म्हणणं पुरेसं नाही. ती शंका विचारायची, आणि उत्तर पटलं नाही तर मान हलवायची नाही.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही म्हणायला हरकत नाही. आदल्या वर्षीही तीच गत होती. जानेवारीत पाटलाचा बोअर बंद पडला. फेब्रुवारीत वस्तीकडची विहीर आटली आणि साठ घरांना एकच विहीर उरली, मारुतीच्या पाराजवळची. तेव्हा मी ठरवलं, रोजची पहिली बातमी पाण्याची. वीस मीटर दोर घेतला, दर दहा सेंटीमीटरला रंगाची खूण केली, टोकाला दगड बांधला. दोर सोडायचा, दगड तळाला टेकला की वर ओढायचा, किती ओला झाला ते मोजायचं. हे काम महानंदाकडे दिलं. ती शाळेत येण्याआधी माप घ्यायची, वहीत लिहायची, मग फळ्यावर.

अडतीस. सदतीस. पस्तीस.

सरपंच हणमंतराव येता-जाता फळ्यासमोर थांबायचे. "गुरुजी, सेंटीमीटर म्हंजे किती घागरी?"

"घागरींत नाही सांगता येत, मालक."

"मग आमच्या काय कामाचं?" असं म्हणून ते हसायचे. मीही हसायचो.

मार्चच्या शेवटी मला त्या मापाबद्दल शंका आली. दगड हलका, दोर पाण्यात तिरका होत असणार. किराणा दुकानातून दोन किलोचं लोखंडी वजन मागून आणलं आणि दगडाच्या जागी बांधलं. दोर सरळ राहिला पाहिजे, एवढाच विचार. दुसऱ्या दिवशी महानंदा वही घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"गुरुजी, राती पाणी वाढलं का?"

"का?"

"काल चौतीस हुतं. आज बहात्तर."

"वाढलं नाही. कालपर्यंतची मापं चुकीची होती. वजन बदललं ना आपण."

"पण खाली लई राड हाय, गुरुजी, निस्ता चिखल. अप्पा म्हणतेत घागर बुडत न्हाई, वाटीनं भरावी लागती."

"काठाला टेकत असेल. मध्यभागी माप घे."

तिने मान हलवली नाही. मी लाल शाईने आधीच्या सगळ्या आकड्यांवर रेघ ओढली आणि खाली लिहिलं, 'सुधारित पद्धत'.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. मी त्या विहिरीत एकदाही उतरलो नव्हतो. माझ्या खोलीवर रोज सकाळी एक घागर यायची, गुरुलिंगप्पाची बायको बसम्मा पाठवायची. पाणी स्वच्छ असायचं, कपड्याने गाळलेलं. ते कसं भरतात हे मी कधी विचारलं नाही.

टँकरचा अर्ज डिसेंबरमध्येच गेला होता, पण तो जुन्या जिल्ह्याच्या पत्त्यावर गेला आणि तिथून तीन महिन्यांनी शेरा मारून परत आला. हणमंतरावांनी नवा अर्ज केला. तालुक्याहून साहेब एप्रिलच्या चार तारखेला पाहणीसाठी येणार असल्याचं कळलं. त्याच्या आदल्या संध्याकाळी गुरुलिंगप्पा शाळेत आला. ओसरीच्या खांबाला टेकून उभा राहिला.

"गुरुजी, टँकर आला तर ऱ्हातो. न्हाई तर मेव्हण्याकडं, उदगीरला जातो. बसम्माला दाळमिलमधी काम लागतंय म्हणालाय त्यो."

"आणि महानंदा?"

"तिच्या मावशीला दोन बारकी लेकरं हायत. सांभाळंल."

"अहो, सातवीची परीक्षा आहे अठ्ठावीस तारखेला. तालुक्यात नंबर काढेल ती."

"म्हणून तर टँकरची वाट बघूलालोय," तो म्हणाला. "मला का हौस हाय?"

साहेब जीपने आले. हणमंतरावांनी त्यांना विहिरीवर नेलं. उन्हं डोक्यावर होती. अकरा मीटर खाली पाणी चकाकत होतं, आणि वरून बघणाऱ्याला ते पाणीच दिसणार. साहेबांनी वाकून पाहिलं, काही लिहिलं नाही. मग सावलीला म्हणून सगळे शाळेत आले. आमचे मुख्याध्यापक सिद्रामप्पा गुरुजी यांनी खुर्ची पुसून दिली, आणि साहेबांचं लक्ष फळ्याकडे गेलं.

"पाणी, एकाहत्तर, बहात्तर... हे काय?"

"आमचे रामकिशन गुरुजी बी.एस्सी. आहेत, साहेब," सिद्रामप्पा म्हणाले. "पोरांकडून रोज मोजून घेतात. एक दिवस खाडा नाही."

साहेब पहिल्यांदा हसले. "दाखवा बरं वही." त्यांनी पानं उलटली. "याचं लिटरमध्ये किती होईल, मास्तर?"

मला मोह झाला. दुसरं काय म्हणू? दहा महिने मी या पोरांना शिकवलेलं कुणीतरी पाहायला मागत होतं. मी महानंदाला पुढे बोलावलं. विहिरीचा व्यास आम्ही आधीच मोजला होता, चार मीटर वीस. तिने बावीस सप्तमांश लिहिलं, त्रिज्येचा वर्ग केला, बहात्तरने गुणलं. खडू एकदाही थांबला नाही.

"नऊ हजार नऊशे एकोणऐंशी लिटर," ती म्हणाली.

"शाबास!" साहेब म्हणाले, आणि हणमंतरावांकडे वळले. "अहो सरपंच, एका टँकरचं पाणी तुमच्या विहिरीतच आहे की."

हणमंतरावांचा चेहरा मी पाहिला. पण तोवर साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला होता. 'शाळेच्या दैनंदिन नोंदीनुसार' असं त्यावर लिहिलेलं होतं. मी सही केली. खाली पदवीही लिहिली.

जीप गेल्यावर हणमंतराव ओसरीत उभे राहिले. आवाज चढवला नाही त्यांनी.

"गुरुजी, आता एक करा. उद्यापासून ह्यो फळा पिळून द्या आमाला. घरटी एक घागर तरी निघंल."

"मालक, आकडा खोटा कसा लिहू मी?"

"खोटा लिव्हा म्हणलं का कुणी? खाली उतरून बघा म्हणलं असतं, इचारलं असतं तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी विहिरीवर गेलो. बायका रांगेत बसल्या होत्या.  मला पाहून म्हातारी केवळाबाई म्हणाली, "या, सेंटीमीटर आले." गुरुलिंगप्पा खालीच होता. मी धोतर खोचलं, वर्गातली मीटरपट्टी कमरेला बांधली आणि दगडी खोबणींत पाय रोवत उतरलो. शेवटच्या खोबणीतून खाली पाय टाकला तो पोटरीपर्यंत आत गेला.

पाणी गार होतं आणि जेमतेम अर्धी वीत होतं. बाकी पाय होता तो गाळात.

मी पट्टी उभी धरली. अलगद टेकवली, जोर न लावता. अकरा. मग दाबली. ती लोण्यात गेल्यासारखी खाली गेली, आणि पार सत्तरच्या पुढे जाऊन कशाला तरी टेकली. वर काढली तेव्हा वरपर्यंत ओली होती. दोरही असाच ओला होत होता. दगड हलका होता म्हणून अर्ध्या गाळात थांबायचा. वजन जड, ते तळापर्यंत जायचं. मी माप सुधारलं नव्हतं. मी गाळ मोजत होतो, आणि अधिक नीट मोजत होतो.

गुरुलिंगप्पा स्टीलच्या वाटीने घागर भरत होता. वाटी आडवी धरायची, वरचं पाणी हळूच ओढून घ्यायचं. एक घागर भरायला वीस मिनिटं.

"अप्पा, तुम्ही काल का बोलला नाहीत?"

"कुठं बोलू?" तो वाटीकडे बघतच म्हणाला. "पोरीनं हिशेब करून दावला. साहेब शाबास म्हणले. मला त्यातलं एक अक्षर कळलं न्हाई, पण पोरगी बराबर करूलाली एवढं कळलं. तिला मधी कसं तोडू?"

मनातल्या मनात मी तोच हिशेब पुन्हा केला. अकरा सेंटीमीटर म्हणजे दीड हजार लिटर. साठ घरं.

मी सरळ पहिल्या बसने तालुक्याला गेलो. बरोबर वही, दोर, वजन आणि गाळाने भरलेली बाटली. ऑफिसात टेबलांवर नव्या जिल्ह्याचे शिक्के आले होते, कपाटांवर मात्र जुनंच नाव होतं. साहेब दौऱ्यावर होते. कारकुनाने माझं सगळं ऐकून घेतलं, बाटलीही हातात घेऊन हलवून पाहिली.

"तुमचा अहवाल कालच लातूरला गेला."

"तो चुकीचा आहे. माझीच चूक आहे, मी लेखी देतो."

"द्या की. पण एक सांगू का, गुरुजी? इथं रोज दहा गावं येतात, पाणी कमी आहे म्हणून सांगायला. कुणी बांगडी बुडत नाही म्हणतं, कुणी चिमणी पीत नाही म्हणतं. साहेब कुणावरच विश्वास ठेवत नाहीत. काल आले ते खुशीत होते. म्हणाले, एका गावात तरी खरा आकडा मिळाला." त्याने बाटली परत दिली. "आता तुम्ही येऊन सांगताय की तोही खोटा. सरपंचानं दम दिला असंच वाटणार त्यांना."

"मग पुन्हा पाहणी करा ना. मी स्वतः खाली उतरून दाखवतो."

"अर्ज टाका. यादीत लागेल नंबर. मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतील."

मी तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला. वजन बदलल्याची तारीख, दोन्ही पद्धती, गाळाची जाडी, सगळं क्रमाने. आकृतीही काढली. कारकुनाने न वाचता शिक्का मारला. तीन दिवसांनी पुन्हा गेलो. आठवड्याने पुन्हा. साहेब एकदा भेटले. "मास्तर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

फळ्यावर पाण्याची बातमी आता मी लिहीत होतो, रोज खाली उतरून. नऊ. सात. वर्गात एकोणीस पोरं होती, ती अकरा झाली. बाकीची शेजारच्या गावाहून पाणी आणायला जायची, साडेतीन किलोमीटर. महानंदा एक दिवसाआड यायची. तिच्या मानेवर, डोक्यावरच्या घागरींच्या भाराने, आठी पडल्यासारखी रेघ उमटली होती. मी तिला गणितं सोडवून ठेवायला सांगायचो. ती ठेवायची.

माझ्या खोलीवरची घागर मी बंद करायला सांगितली होती. बसम्मा पाठवतच राहिली.

अठरा एप्रिलला गुरुलिंगप्पा आला. बरोबर महानंदा होती, डोक्याला तेल, पायात चपला.

"दाखला पायजे."

"दहा दिवस, अप्पा. फक्त दहा दिवस थांबा. मी माझ्या खोलीवर ठेवतो तिला, नाही तर सिद्रामप्पांच्या घरी..."

"सिद्रामप्पांच्या घरी पाणी हाय का?"

 सिद्रामप्पांनी दाखल्याचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. माझं अक्षर बरं म्हणून दाखले मीच लिहायचो, सही त्यांची. फॉर्म जुने होते, डोक्यावर छापलेलं 'जिल्हा उस्मानाबाद'. मी ते खोडून लातूर केलं. नाव लिहिलं, वर्तणूक चांगली, प्रगती उत्तम. जन्मस्थळाच्या रकान्यात गाव, तालुका, आणि सवयीने जिल्हा लातूर.

महानंदा टेबलाच्या कडेने वाकून बघत होती.

"गुरुजी, ते चुकलंय."

"काय?"

"मी जन्मले तवा लातूर जिल्हा नव्हता."

मी कागदाकडे पाहिलं. मग 'लातूर'वर सरळ रेघ मारली, वर 'उस्मानाबाद' लिहिलं आणि दुरुस्तीशेजारी सिद्रामप्पांची छोटी सही घेतली. तिने मान हलवली.

शाळा सोडण्याचं कारण, हा रकाना राहिला. "वडिलांसोबत स्थलांतर, असं टाका," सिद्रामप्पा म्हणाले. मी तसं लिहिलं. दाखल्यावर दुसरं काही लिहायची पद्धत नाही.

गुरुलिंगप्पाने दाखला घडी करून खिशात ठेवला. बस सव्वादहाची होती. महानंदा ओसरीत थांबली.

"गुरुजी, आज सकाळचं माप?"

"घेतलं नाही अजून."

"म्या घेतलं. पाणी भरताना."

तिने खडू उचलला. पायातल्या चपला काढल्या, वर्गात शिरताना काढतात तशा, आणि फळ्यावर लिहिलं: 'पाणी ५ सें. मी. त्याखाली गाळ.' तारीख टाकली. खडू परत चौकटीवर ठेवला, हात झटकले, आणि बापाच्या मागे स्टँडकडे गेली.

घंटा झाली तेव्हा दहा पोरं होती. मी हजेरी घेतली. तिच्या नावाशी थांबलो, आणि तिथे लाल शाईने रेघ ओढायची होती ती ओढली.