बोकडतोंड्या

शर्यत व्हायच्या आधीच एव्हरल्डनं मुलीच्या गळ्यात सुवर्णपदक रंगवून टाकलं होतं, आणि आता तेच पुसायला तो शिडीवर चढला होता.

भिंत मिस इसिल्डाच्या दुकानाची. हा जन्मभर पाट्या रंगवणारा माणूस. ट्रेलॉनीच्या डोंगरातली एक पाटी दाखवा, जिला याचा ब्रश लागला नाही! टाविया चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली म्हटल्यावर याला कसला दम निघतोय? दुसऱ्या दिवशी अख्ख्या भिंतीवर लेक उभी केली, आणि गळ्यात ताटाएवढं पिवळंधमक पदक. आणि झालं काय? नऊ अडथळे पोरगी सगळ्यांच्या पुढे. दहाव्याला गुडघा लागला, आपटली, उठली, आणि आठव्या, म्हणजे शेवटच्या नंबरावर पोचली.

"घास, घास नीट, बोकडतोंड्या!" खालून मिस इसिल्डा ओरडली. व्हायच्या आधीच गोष्ट बोलून तिचा विचका करणाऱ्याला या डोंगरात बोकडतोंड्या म्हणतात. अकरा दिवस एव्हरल्ड हेच ऐकत होता. "लोकांचं तोंड तरी वाईट असतं, तुझा तर ब्रशच वाईट निघाला."

"बाई, शिडी धरतेस की जीव घेतेस?"

त्याला गावाचं काही नव्हतं. टावियाचा फोन नव्हता, हे खरं दुखणं. रोज संध्याकाळी न चुकता बोलणारी लेक. शर्यतीनंतर फक्त चार शब्द लिहून पाठवले होते. 'ठीक आहे. शनिवारी येते.' तिनं आपल्याशी बोलणंच सोडलं, या विचारानं त्याला घास जात नव्हता. शनिवारच्या आत निदान ते मेलं पदक तरी जायला हवं होतं.

आज गुरुवार. आणि समोर टॅक्सी थांबली.

"काय चाललंय, डॅडी?"

ब्रश हातातून सुटला तो थेट मिस इसिल्डाच्या पिठाच्या पोत्यावर.

"शनिवारी येणार होतीस ना गं तू?"

"आधीचं विमान मिळालं. खाली उतर बघू, पडशील. घरातलं एक पडलं तेवढं पुरे."

तो उतरला, पण मान वर होईना. "माझ्यामुळे झालं, बाळा. गाढवपणा केला मी. तू पळायच्या आधीच..."

"मी बघितला होता फोटो. फायनलच्या दिवशी सकाळी. मिस इसिल्डानंच पाठवला."

"अगंबाई!" मिस इसिल्डा एकदम पोतं झटकायला लागली. "रंग छान दिसत होता म्हणून हो आपला... मला काय माहीत!"

म्हणजे पोरीनं ते बघितलं होतं, आणि मग ती पळाली होती.

"अरे, किती हसले मी!" टाविया म्हणाली. "ते गुडघे कसले काढलेस रे! एकावर एक घासतायत. तिकडे आम्ही आठजणी नाव पुकारायची वाट बघत बसलेलो. सातजणींची तोंडं पांढरीफटक, आणि मी खिदळतेय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला भीती वाटली नाही, डॅडी. आणि अडथळ्याला गुडघा लागला तो मी पाय उचलला नाही म्हणून. तू काय इथून दहावा अडथळा उंच केलास?"

"मग फोन का नाही केलास?"

ती म्हणाली, "तूही विचारशील म्हणून. सगळे तेच विचारतात, झालं कसं? पत्रकार, संघाचे साहेब, आत्ता हा टॅक्सीवालासुद्धा. सांगून सांगून पाठ झालंय."

एव्हरल्डनं पोत्यावरचा ब्रश उचलला.

"पदक मात्र पूस," ती म्हणाली. "जे माझं नाही ते नको. आणि गुडघे तरी खरे काढ. हा बघ." तिनं पँटचा पाय वर सरकवला. गुडघ्यापासून नडगीपर्यंत कातडं सोलवटलेलं, मध्ये काळीकुट्ट खपली, कडेला अजून लाल.

टीव्हीवर त्यानं ते पडणं पन्नासदा बघितलं होतं. गेलेलं पदक दिसलं होतं, आपला ब्रश दिसला होता. हा गुडघा एकदाही दिसला नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली.

"दुखतंय का गं?" त्यानं विचारलं.

टाविया हसायला गेली आणि तिचा चेहराच वेडावाकडा झाला. "खूप दुखतंय, डॅडी," ती म्हणाली, आणि रस्त्याच्या मधोमध, सव्वीस वर्षांची बाई, लहान पोरीसारखी हमसून हमसून रडायला लागली.

एव्हरल्डनं तिला शिडीच्या खालच्या पायरीवर बसवलं. स्वतः जमिनीवर बसून तिचा पाय मांडीवर घेतला आणि रंगानं बरबटलेले हात दूर धरून त्या गुडघ्यावर हळूहळू फुंकर घालत राहिला. मिस इसिल्डानं शिडी घट्ट धरून ठेवली.