सातशे बारा पानांची थाप

बारकीने अर्जात थाप मारली होती. विद्यापीठात इंग्रजी साहित्याला प्रवेश घ्यायचा तर अर्जात ‘आवडती कादंबरी’ असा एक रकाना होता. तिथे तिने भारदस्त दिसावं म्हणून सातशे बारा पानांचं एक धूड लिहून टाकलं. वाचली होती पहिली साठ पानं आणि शेवटची दहा. मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा हातात नऊ दिवस होते.

घरात साहित्याशी कुणाचा काडीचा संबंध नव्हता. बाबा दातांच्या कवळ्या बनवायचे, आई पोस्टात. पण आईलाच सुचलं, “अगं, ताई आहेत की! बावीस वर्षं लोकांना प्रश्नच तर विचारताहेत.”

ताई म्हणजे बारकीची आत्या. ती गाडी चालवण्याच्या परवान्याची परीक्षा घ्यायची, आणि तिच्याकडे पहिल्या फटक्यात पास होणारा माणूस म्हणजे उंबराचं फूल.

आत्या त्याच संध्याकाळी आली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने पॅड काढलं.

“नाव? जन्मतारीख?”

“आत्या, तिथे असं नाही विचारत.”

“मी विचारते. आवडती कादंबरी कुठली? गोष्ट सांग.”

बारकीने सांगायला घेतलं. एका घड्याळजीची विधवा, तिची धाकटी बहीण, बहिणीच्या नावाने आलेलं एक पत्र. इथवर ठीक चाललं. मग ती म्हणाली, “पुढे मानवी मनाची गुंतागुंत येते.”

आत्याने पेन खाली ठेवलं. “पत्राचं काय झालं?”

“ते... प्रतीक आहे.”

“बारके, गाडी शिकलेला कोण आणि शिकलो म्हणणारा कोण, ते मला तो सीटवर टेकला की कळतं. किती पानं वाचलीस?”

बारकीने खरं ते सांगितलं. आत्या ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी वाचनालयातून तिने स्वतःसाठी एक प्रत आणली. म्हणे, आपल्याला न येणाऱ्या विषयाची परीक्षा घेणं तिच्या तत्त्वात बसत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन वाजला.

“दोनशे चाळिसावं पान झालं का? नाही? आवर मग! त्या बाईने पत्र लपवलं गं! सख्ख्या बहिणीचं!”

आत्या पुढे गेली म्हटल्यावर बारकी नाइलाजाने वाचत सुटली, आणि चारशेच्या आसपास केव्हातरी नाइलाज संपला. पत्र धाडणारा माणूस लफंगा होता. बहिणीला वाचवायला विधवेने ते अकरा वर्षं दडवलं, असं बारकीचं म्हणणं. “बहिणीला विचारलं का तिने? आरसा न बघता वळली ती,” असं आत्याचं. रोज संध्याकाळी टेबलाशी जुंपायची. एकदा बाबा हातातली कवळी घासत म्हणाले, “कोण ही बाई? आपल्याकडे राहायला येणार नाही ना?”

आठव्या दिवशी तर कहर झाला. परीक्षेला आलेल्या एका बेकरीवाल्याने गाडी मागे घेताना खुणेसाठी ठेवलेले दोन शंकू आडवे केले. शेजारी बसलेली आत्या पत्राच्या विचारात होती. “छान,” म्हणत तिने पास लिहिलं. बेकरीवालाच बिचारा ओशाळून म्हणाला, “बाई, मी दोन पाडले हो.” आत्याने कागद फाडला, त्याची माफी मागितली आणि मग त्याला रीतसर नापास केलं.

मुलाखतीला दोन प्राध्यापक होते. पडशाने बेजार झालेले एक सर आणि मोठ्या चष्म्याच्या एक बाई. बाईंनी विधवेबद्दलच विचारलं. बारकीने पाठ केलेली चारही वाक्यं ऐन वेळी पळून गेली.

“मी तिच्या बाजूने होते,” ती म्हणाली, “पण आत्याशी भांडून भांडून आता खात्री वाटेनाशी झालीय. आत्या म्हणते, वाचवायचंच होतं तर आधी बहिणीला विचारायचं.”

“आत्या बरोबर आहेत,” सर रुमालातून म्हणाले.

“काहीतरीच काय सर!” बाई उसळल्या. “बहीण अठरा वर्षांची पोर होती!”

“एकोणीस!”

दोघांचं जे सुरू झालं ते थांबेना. बारकी थोडा वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिली. मग तिला राहवेना. “एक मिनिट! चारशे तिसाव्या पानावर बहिणीला पत्राचा खण उघडा दिसतो. तिला पत्राचं कळलेलंच असतं. तीही गप्पच बसते!”

दोघं वाद सोडून तिच्याकडे वळले. बाईंनी कपाटातून पुस्तक काढून पान शोधलं, वाचलं आणि सरांपुढे सरकवलं.

“तुमच्या आत्या कुठे शिकवतात?” सरांनी विचारलं.

“गाडी चालवण्याची परीक्षा घेतात.”

“आणि तुम्ही ही कितीदा वाचलीत?”

“एकदाच. परवा दुपारी संपली.” बारकीचे कान तापले. “अर्ज भरला तेव्हा सत्तरच पानं झाली होती.”

सर खोकले. की हसले? पडशामुळे ते काही कळलं नाही. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि “या तुम्ही” म्हणाल्या.

तीन आठवडे बारकीने घरच्यांचं डोकं खाल्लं. मग पत्र आलं. प्रवेश मिळाला होता. सोबत पहिल्या वर्षाच्या चौदा पुस्तकांची यादी होती. आईने पत्र पोस्टातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं, बाबांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. आत्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं, आणि यादीतलं सर्वांत जाडजूड पुस्तक कुठलं, तेवढंच विचारलं.