रुपीचा ढावलो

रुपीला पळवून न्यायचं हिरासिंगनं ठरवलं, पण कसं न्यायचं ते ठरवायला रामीच लागली. तांड्यातलं कुठलंही अडलेलं काम फिरून तिच्याकडेच यायचं. डोकं रामीचं, असं सगळे म्हणायचे. बाकीचं सगळं रुपीचं होतं. तांड्याच्या नायकाचं घर, गोरा रंग, जिवंत आई, आणि आता हिरासिंगही.

त्या हिरासिंगनं महागावच्या बाजारात पहिल्यांदा बोलणं काढलं होतं ते रामीशी. तिच्या डोक्यावरचा भारा सुटला, तो त्यानं बांधून दिला आणि विचारलं, "तुमचा तांडा कोनता?" एवढंच. पण रामीनं ते आठ दिवस उराशी धरलं. पुढच्या बाजाराला तिच्यासोबत रुपी आली आणि त्यानंतर तो रामीला एकच विचारत राहिला, "आज रुपी नाही आली का?" रामीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तरी ती हसून सांगायची, येईल म्हणून.

रुपीच्या बापानं, भीमसिंग नायकानं, झरीकडच्या एका बिजवराकडे गूळ खाल्ला होता. गूळ खाल्ला म्हणजे शब्द दिला, आता माघार नाही. श्रावणातली तीज, म्हणजे पोरींनी टोपल्यांत गहू उगवून नाल्यात बुडवायचा सण, झाली की लग्न. म्हणून जे करायचं ते तीज संपायच्या आत करायला हवं होतं.

दोघी निंदणाला बसल्या की कपाशीच्या तासात रामी सगळं समजावून सांगायची.

"तीज बुडवायच्या दिवशी जा. पुरा तांडा नाल्यावर राह्यते. घरी कोनी नसते, सडकीवर कोनी नसते."

"अन् हा घुंगराचा घागरा? चाललं का वाजते."

"गावातल्या मैनाबाईचं जुनं लुगडं मागून ठेवलं म्या. नाल्याच्या वरच्या अंगाले ज्वारीत लपवीन. घागऱ्यावरूनच गुंडाळ. सडकीवर पळसाखाली हिरासिंग उभा राहीन. उन्हं कलली का उमरखेडची मोटार येते, त्यात बसा. पुढं पंच बसतीन, चार शिव्या देतीन अन् चूप होतीन."

रुपीनं मान डोलावली. मग विळा खाली ठेवून म्हणाली, "मी ढावलो केल्याबिगर जानार नाही."

ढावलो म्हणजे सासरी जाताना नवरीनं गळ्यात पडून गायचं रडणं. आईसाठी निराळं, बापासाठी निराळं, मैत्रिणीसाठी निराळं. ते न करता निघालेली पोरगी तांड्यातून गेली असं कोणी धरत नाही, मेली असं धरतात.

"येडी हायेस का? पळून जानारी कधी हाका मारून जाते?"

"मंग मी येतच नाही. सांग त्याले."

रामीच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की, नको जाऊस, बरंच होईल. दुसरं आलं ते तिनं बोलून दाखवलं.

"नाल्यावर कर ना मंग. तीज बुडवतानी साऱ्याच पोरी गळ्यात पडून रडतात. त्यात तुवं रडनं कोनाले समजते?"

कोणाला समजतं ते रामीला पुरतं ठाऊक होतं. रुपीच्या आईनं, धनीबाईनं, तांड्यातल्या निम्म्या पोरींना ढावलो शिकवला होता. पहिल्याच ओळीला ती ओळखणार. मग नायक, मग काठ्या, मग झरीचा बिजवर. आणि रामीकडे कोणी बोटसुद्धा दाखवणार नाही. रुपीनं आनंदानं तिच्या गळ्यात हात टाकले. रामीनं ते काढले नाहीत.

तीज बुडवायच्या दिवशी पोरी गव्हाच्या कोवळ्या रोपांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन नाल्यावर गेल्या. प्रत्येकीनं चार काड्या खुडून भावाच्या, बापाच्या पागोट्यात खोचल्या. रुपीनं भीमसिंगच्या पागोट्यात खोचल्या आणि त्या नीट बसल्या तरी हात काढला नाही. त्याला ते तीज बुडवायचं दुःख वाटलं असावं, कारण त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. रामीला ते बघवलं नाही. तिच्या काड्या थोरल्या भावानं उभ्या उभ्या घेतल्या आणि तो चिलीम ओढायला निघून गेला.

टोपल्या पाण्यात गेल्या आणि रडारड सुरू झाली. रुपी आईच्या गळ्यात पडली. तिनं सूर काढला. रामी धनीबाईच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती.

धनीबाईचा लेकीच्या पाठीवरचा हात थांबला. तिनं एकदा वर काठाकडे पाहिलं. तिथं नायक चार माणसांत उभा होता. आता, रामीला वाटलं.

धनीबाईनं लेकीचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं आणि स्वतःच एवढा मोठा गळा काढला की रुपीचे शब्द त्यात बुडून गेले. रडता रडता तिनं गळ्यातली चांदीची हासळी काढली आणि लेकीच्या ओटीत कोंबली. मग तिला सोडलं.

रामीला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. पळून जाणारीलाही आई मिळते, वर दागिना मिळतो.

रुपी तिच्याही गळ्यात पडली. "तुया लग्नात तुयी याडी मी होईन," कानाशी म्हणाली आणि ज्वारीत शिरली. याडी म्हणजे आई. रामीची याडी ती रांगत होती तेव्हाच गेली होती. आता हेही रुपीच देणार होती.

थोड्या वेळानं काठावरून भीमसिंगची हाक आली. "रुपी कुठी हाय वं?"

रामीनं तोंड उघडलं. मोटार अजून आली नव्हती. एक शब्द पुरे होता.

तेवढ्यात धनीबाईनं तिचा दंड धरला, तिला छातीशी ओढलं आणि आपली ओढणी तिच्या डोक्यावरून तोंडावर घेतली. "हे काय, रडून राह्यली मायापाशी," ती वर पाहून ओरडली. "रडू द्या लेकराले."

भीमसिंगला वरून दिसली ती बायकोच्या कुशीत तोंड खुपसलेली एक पोरगी. तो माघारी फिरला.

धनीबाई आता खरोखर रडत होती. नवरीच्या ढावल्याला आई जे उत्तर देते ते तिनं हळू आवाजात सुरू केलं. तुला काखेत वाढवलं, तुझ्या केसांत तेल घातलं, आता माझं अंगण कोण झाडेल. दर ओळीला नाव यायचं रुपीचं. रामीचे केस तिच्या बोटांत होते, पाठीवर तिचा तळवा फिरत होता, आणि नाव रुपीचं.

ओढणी झटकली असती तरी सगळं उघडं पडलं असतं. रामीनं हात उचललासुद्धा. पण असं कोणी धरलेलं तिला आठवतच नव्हतं.

पळसापाशी मोटारीचा भोंगा वाजला. रामीनं ओढणीचा काठ मुठीत धरला आणि आणखी खाली ओढून घेतला.