पोटावरची आडवी शिवण

अकरा वर्षांपूर्वी आलेल्या त्या पत्रात एकच प्रश्न होता, आणि संग्रहालयातल्या त्या जीवाश्म-अभ्यासकांनी त्याचं उत्तर दिलं नव्हतं. ‘तुमच्या पाणभुंगेऱ्याच्या पोटावरची आडवी शिवण दगडाच्या दुसऱ्या भागातही दिसते का?’ लिहिणारी संशोधक तेव्हा नवखी होती.

प्रश्न साधाच होता. दगड शेंगेसारखा उकलतो आणि किड्याचा ठसा दोन्ही भागांत उमटतो. अंगावरची शिवण, म्हणजे कवचाच्या तुकड्यांमधला सांधा, दोन्हीकडे दिसायला हवी; दगडाची चीर मात्र एकाच बाजूला असू शकते. त्यांनी चित्र काढलं ते एका भागावरून. दुसरा कुठल्याशा खोक्यात गेला होता, आणि तो शोधण्याइतका धीर तेव्हा कुणाला होता! त्या शिवणीच्या जोरावर त्यांनी नामशेष पाणभुंगेऱ्यांचं एक नवं कुळ उभं केलं. जन्मात नावावर लागलेली तेवढीच एक गोष्ट. म्हणून पत्र आलं तेव्हा त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली.

काल तिचा ग्रंथ घरी आला. तिला सापडलेले सतरा भुंगेरे तिने त्यांच्याच कुळात घातले होते. तळटीप होती : ‘शिवणीबद्दल विचारणा केली होती, उत्तर आलं नाही. मूळ संशोधकांच्या काटेकोरपणावर विसंबून कुळ कायम ठेवलं आहे.’

सकाळी ते बूट घालू लागले.

“कुठे निघालात?” बायकोने मटार सोलता सोलता विचारलं.

“संग्रहालयात.”

“निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. किड्यांना नावं ठेवण्यात जन्म गेला, अजून हौस फिटली नाही?”

“एकाला चुकीचं ठेवलं असेल, असं वाटतंय.”

तिचा हात थांबला. “मग तो चष्मा बदला. तो माझा आहे.”

भांडार सांभाळणाऱ्या बाईंनी त्यांना खुर्ची दिली. “सर, तुमचा भुंगेरा तर दर्शनी कपाटात आहे.”

“त्याचा जोडीदार हवाय.”

दुपार टळली तरी ते खोकी उपसत होते. कंबर धरली, हात धुळीने माखले. दोनदा वाटलं, नसेलच. तेवढ्यावर घरी जाता आलं असतं. ते गेले नाहीत. ‘ओळख न पटलेले’ अशी चिठ्ठी लावलेल्या एकोणिसाव्या खोक्यात तो निघाला. चिठ्ठीवरचं अक्षर त्यांचंच होतं.

सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यांनी त्यावर स्पिरिटचा थेंब सोडला. भुंगेरा काळाभोर उमटला. मागचे पाय, पायांवरचे पोहायचे केस, सगळं लख्ख. दिवा डावीकडून लावला, उजवीकडून लावला. पोट गुळगुळीत होतं.

मग पहिला भाग मागवून घेतला. त्यावरची रेघ किड्याच्या अंगाबाहेर, केसभर दगडात गेली होती. त्यांनी आपलं जुनं चित्र उघडलं. चित्रातली रेघ बरोबर अंगाच्या काठाशी संपत होती. पेन्सिल तिथे त्यांनीच थांबवली होती.

“मिळालं का?” बाईंनी विचारलं.

“मिळालं. शिवण नाहीये. कुळ मोडलं.”

“अगबाई. पण सर, गप्प राहिलात तर कळणार कुणाला?”

“अकरा वर्षं तेच केलं ना. आता सतरा भुंगेरे भलत्या घरी नांदतायत.” ते किंचित हसले. “एक कोरा कागद द्या.”

पहिला मसुदा सबबींनीच भरला. तो त्यांनी फाडला. दुसरा पाच ओळींचा झाला : ‘नाही, दिसत नाही. ती चीर आहे. दोन्ही भागांची छायाचित्रं पाठवतो आणि कुळ रद्द केल्याचं माझ्या नावाने प्रसिद्ध करतो. तुमची शंका रास्त होती. उत्तराला उशीर झाला, तो दोष दगडाचा नाही.’

टपालघर बंद व्हायला आलं होतं. कारकुनाने पाकीट तोललं. “पोच हवी का, आजोबा?”

“नको. उत्तर द्यायचं की नाही, ते त्यांचं त्यांना ठरवू दे.”

कारकुनाने शिक्का मारला. पाकीट थैलीत पडेपर्यंत ते खिडकीशी उभे राहिले, मागच्या माणसाने हलकेच “झालं का?” म्हटलं, तेव्हा बाजूला झाले.