उघडं बोट

सात वर्षांपूर्वी परग्रहावर जाणाऱ्या रोव्हरचं ड्रिल जोडताना एक बारीक स्क्रू निर्जंतुक हातमोज्यातून सारखा निसटत होता. आग लागो त्या स्क्रूला! वैतागून मी मोजा काढला, उघड्या बोटांनी स्क्रू बसवला आणि मूग गिळून गप्प बसले.

गेल्या महिन्यात त्या परग्रहाच्या मातीत रोव्हरला जिवाणू सापडले. दोन जातींचे. साहेब लहान पोरासारखे नाचले. एक जात मी लगेच ओळखली, माणसाच्या कातडीवरची.

“साहेब, ही घाण माझ्या बोटांची आहे.”

“अहो बाई, दुसरी तर तिथलीच आहे ना? मग रडताय कशाला?”

आज रोव्हरने तोच खड्डा पुन्हा तपासला. तिथली जात पार संपली होती. माझी मात्र खाऊनपिऊन दहापट झाली होती.