रोझिनाच्या झाडाचं पाणी

अर्लीनने अंगठ्याच्या नखाने साल खरवडली. आत तपकिरी. चार बोटं खाली पुन्हा खरवडली, तिथंही तपकिरी. मग चाकू घेऊन ती पार बुंध्याशी गेली, जिथून मुळं फाकतात तिथं. तिथंही हिरव्याचा ठिपका दिसेना, तेव्हा तिने चाकू जमिनीवर आपटला.

"मेलं! मेलं गं बाई, मेलंच!"

एप्रिलचा दुसरा रविवार. अंगणातल्या बाकीच्या सोळा सायप्रसांना वीतवीतभर पालवी आलेली. सगळी झाडं फेब्रुवारीत, पानं गाळून झोपेत असताना, दलदलीतून काढून आणलेली. कमरेइतक्या गार पाण्यात उभं राहायचं, पाण्याखाली मुळं पायाने चाचपायची, न दिसता करवत चालवायची, शेंडा छाटायचा आणि खोड आणून टबात बसवायचं. मग त्याचं बोन्साय व्हायला दहा-पंधरा वर्षं. अर्लीन तीस वर्षं हेच करत होती. दरसाल एखादं झाड दगा द्यायचं. ती दोन शिव्या हासडायची आणि ते शेकोटीला घालायची. पण हे सतरावं झाड शेकोटीला घालायची तिची काय बिशाद! हे रोझिनाचं झाड होतं.

रोझिना म्हणजे नाँक थिओफिलची बायको. नाँक म्हणजे काका, पण अर्लीनचं त्यांच्याशी रक्ताचं नातं नव्हतं; ते अख्ख्या बायूकाठचे, म्हणजे त्या संथ दलदली ओढ्याच्या काठचे, नाँक होते. खाली दक्षिणेला, रस्ता संपून नुसतं पाणी आणि झाडं उरतात तिथं त्यांचं घर. काठावरच्या या खुरट्या सायप्रसला रोझिनाने पन्नास वर्षं आपली होडी बांधली. दोराने खोडाला खोल खाच पडली होती. ती गेली आणि त्याच हिवाळ्यात काठ ढासळायला लागला. मग नाँकनी स्वतः अर्लीनला बोलावून घेतलं.

"पुढच्या वादळात हे पाण्यात जाणार," ते म्हणाले होते. "तू ने. कुंडीत का होईना, जगू दे. पण मारलंस ना पोरी, तर माझ्या दलदलीत पुन्हा पाय ठेवायचा नाही."

म्हातारा हसत बोलला होता. पण त्याचे डोळे काही हसत नव्हते.

एक्क्याऐंशी वर्षांचा एकटा माणूस. लेक ह्यूस्टनहून रोज फोन करायची, या म्हणून रडायची. यांचं एकच उत्तर ठरलेलं, माझ्या झाडांना पालवी फुटतेय तोवर मी इथून हलणार नाही. आणि दर रविवारी चर्च सुटलं की स्वारी अर्लीनच्या दारात हजर, आपल्या काठाच्या पाण्याचे दोन कॅन घेऊन. परक्याचं पाणी झाडाला मानवायचं नाही, म्हणायचे. अर्लीनलाही ते पटलं. झाडाबरोबर त्याच्या गावचा चिखल आणि पाणी आणायचं, हे तर इथले सगळेच करतात. तिने बाकी झाडांना टाकीतलं पावसाचं पाणी घातलं आणि या लाडक्याला मात्र नाँकचंच.

आता तासाभरात ते येणार होते. काय सांगायचं त्यांना?

चूक तिचीच असणार. उथळ कुंडीत बसावं म्हणून मुळं दोन बोटं वरून कापली होती. हाव, दुसरं काय! प्रदर्शनात लोकांनी वाहवा करावी म्हणून. स्वतःवर चरफडत तिने टब रिकामा करायला घेतला, आणि कडेवरचा पांढरा थर तिच्या हाताला लागला. महिनाभर तो दिसत होता. चुना असेल, म्हणून तिने सोडून दिलं होतं. आज कोण जाणे का, तिने बोट जिभेला लावलं.

खारट. चांगलं सणसणीत खारट.

तिने कोपऱ्यातल्या गेल्या रविवारच्या कॅनचं झाकण काढलं, ओंजळीत पाणी घेऊन चाखलं आणि थुंकून टाकलं.  ती तशीच ओल्या जमिनीवर बसली.

हिवाळाभर पाऊस नव्हता. वारा एकसारखा दक्षिणेचा, समुद्राचं पाणी आत ढकलणारा. समुद्र नाँकच्या दारात येऊन बसला होता आणि नाँकना पत्ताच नव्हता. लागणार कसा? घशाच्या आजारात किरणांचे शेक दिले तेव्हा त्यांच्या तोंडाची चवच गेली. तेव्हापासून म्हातारा प्यायला बाटलीचं पाणी आणतो आणि जेवणावर निम्मी बाटली तिखट सॉस ओततो, तेही नुसतं जाणवावं म्हणून. ज्या हातांनी बायकोचं झाड जगवायला पाणी आणलं, त्याच हातांनी ते मारलं. हे सांगायचं त्यांना? कुठल्या तोंडाने?

नाही सांगायचं. तिने ठरवून टाकलं. नाँकच्या दलदलीतली झाडं गेली तर गेली. दोष आपण घ्यायचा.

बाहेर ट्रकचा दरवाजा आपटला.

"अर्लीन! जिवंत आहेस का गं? कॉफी टाक!" नाँक इस्त्रीच्या सदऱ्यात, दोन हातांत दोन कॅन घेऊन आत आले. "काय म्हणते आमची आळशी बाई? फुटली का पालवी?"

"नाँक, बसा जरा."

"बसायला सांगतेस म्हणजे बातमी वाईट." त्यांनी कॅन खाली ठेवले. बसले मात्र नाहीत.

"गेलं ते. मी मारलं. मुळं फार वरून कापली. कुंडीत बसावं म्हणून."

नाँक झाडाजवळ गेले. दोराच्या खाचेत बोट घालून उभे राहिले. अर्लीनला वाटलं, आता हे पडतात की काय. ती पुढे झाली, तसं त्यांनी मागे न बघता हात झटकला.

"तीस वर्षं करवत धरतेस," ते म्हणाले, "आणि नेमकं माझ्या बायकोच्या झाडालाच तुला कुंडीचं माप सुचलं?"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणे! शोभा हवी होती तुला. मिरवायचं होतं!"

तिने मान खाली घातली. त्यातलं निम्मं खरंच होतं, त्यामुळे ते जास्तच लागलं.  नाँकनी खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं आणि आवाज खाली आणला.

"जाऊ दे. रोझिना असती तर मलाच ओरडली असती, पोरीला बोलतोस म्हणून. पाणी आणलंय ते वाया कशाला? या हिरव्यांना घालू."

त्यांनी कॅन उचलला आणि सगळ्यात जवळच्या, लुसलुशीत पालवीच्या झाडावर वाकवला. अर्लीनला कळायच्या आत तिचा हात पुढे गेला होता. तिने त्यांचं मनगट धरलं.

"नको!"

"का?"

 घालू द्यायचं होतं आणि नंतर टाकीच्या पाण्याने धुवून काढायचं होतं, हे आत्ता सुचत होतं. पण हात तर धरून झाला होता.

नाँकनी तिच्याकडे पाहिलं. मग कॅनकडे. मग मेलेल्या झाडाच्या टबाच्या पांढऱ्या कडेकडे. त्यांनी ओंजळ भरून तोंडाला लावली, घोळवली, गिळली आणि हताशपणे मान हलवली.

"मला नाही कळत," ते म्हणाले. "तू सांग. कसं लागतं?"

"नाँक..."

"अर्लीन, खोटं बोलू नकोस. आज एकदा बोललीस तेवढं पुरे."

"खारट आहे," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "फार खारट."

"म्हणजे मीच." ते खुर्चीत बसले. हात मांड्यांवर उताणे पडले होते. "दर रविवारी. दोन-दोन कॅन."

"तुम्हाला काय ठाऊक!"

"माझ्या घरामागची झाडं यंदा बोडकीच आहेत. मी म्हणतोय, थंडी लांबली. स्वतःलाच सांगतोय रोज सकाळी. कुठली आलीय थंडी!"

 मग नाँकनी घसा साफ केला.

"काठावर लहान झाडं आहेत. मांडीएवढ्या जाडीची, दहा-बारा. पाच-सहांना अजून थोडं हिरवं आहे. उद्या करवत घेऊन ये."

"एप्रिल आहे, नाँक. पालवीतलं झाड काढलं तर जगत नाही. शंभरात एखादं."

"आणि तिथं ठेवलं तर?"

 "येते," ती म्हणाली. "उजाडताच येते."

"ट्रक मोठा आण. रोझिनाचं शिवणाचं यंत्र जड आहे, ते मला उचलत नाही."

अर्लीनला ते नीट कळायला क्षण लागला. कळलं तेव्हा ती काही बोलायला गेली, पण नाँकनी बोट वर करून तिला थांबवलं.

"आणि आज संध्याकाळी माझ्या लेकीला तू फोन कर. म्हणावं, बाप येतोय. मला नाही जमायचं ते बोलायला."

त्यांनी नंबर पाठ म्हणून दाखवला, सावकाश, एकेक आकडा. अर्लीनने झाडांच्या नावांच्या पट्ट्यांतली एक कोरी पट्टी घेतली आणि तो त्यावर लिहून घेतला.