आखूड जाकीट

नोव्हेंबरात हरणांची शिकार सुरू झाली की अमेरिकेतल्या उत्तर मेनमधली माणसं पत्रं आणायला फाटकापर्यंत जातानाही नारिंगी जाकीट घालतात, आणि कुत्र्यांनाही चढवतात. रानात तपकिरी काही हललं की गोळी आधी सुटते, विचार मागून येतो. व्हर्ना थिबोडोला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा आर्मांड तपकिरी कोटात मागच्या रानातून सरपण आणायला गेला. "पाच मिनिटांचं काम, त्याला कसलं जाकीट," म्हणाला. परत आला तो चौघांच्या खांद्यावर.

डीकन आला त्यानंतर सात वर्षांनी, दक्षिणेतून ट्रकभर बेवारस कुत्री आली त्यांतून. एक कान फाटलेला, चेहरा चर्चमध्ये बसल्यासारखा गंभीर. झाडूला घाबरायचा. रागावलं की भिंतीकडे तोंड करून बसायचा, आणि रुसवा काढायला बिस्किट चालत नसे, लोणीच लागे. व्हर्नाचा त्याच्यावर जीव होता आणि ती ते लपवत नव्हती. त्याची एकच खोड तिला सोसत नसे. संध्याकाळी तो आर्मांडच्या रिकाम्या खुर्चीपाशी उभा राही आणि डोळे मिटून हनुवटी हवेतच टेकवी, कुणाच्या गुडघ्यावर ठेवावी तशी. तेवढा वेळ व्हर्ना पाठ फिरवून भांडी घाशी.

यंदा तो जाकीट घालून रानात जायचा आणि उघडा परतायचा. एक गेलं, दुसरं गेलं. तिसरं घ्यायला ती गेली तेव्हा दुकानदार ल्युसिएन म्हणाला, "काय गं, तुझा कुत्रा जाकिटांचा धंदा करतो की काय?"

"हस तू. पण त्याला कुणी टिपला ना, तर या खेपेला मी काही त्यातून उठायची नाही."

ल्युसिएननं होती त्यांतलं सगळ्यात भडक जाकीट शोधून काढलं.

कोंडून ठेवलं तर डीकन दार ओरबाडून पंजे रक्तबंबाळ करून घेई. म्हणून तिनं तिसरं जाकीट सुतळीनं तीन गाठी मारून बांधलं. दुसऱ्या दुपारी खिडकीतून बघते तो काय, रानाच्या कडेला डीकन उघडाच चालला होता आणि जाकीट त्याच्या तोंडात होतं. खुंटीवरचा हाताला लागला तो कोट अंगात घालून ती धावली.

आर्मांड जिथं सापडला त्या मोकळ्या जागेत एक मोठं आडवं पडलेलं खोड आहे. त्याच्यावर दोन जाकिटं नीट पसरलेली होती, तिसरंही आता डीकननं तिथंच ठेवलं होतं. तो खोडाशी उभा होता, हनुवटी हवेत, डोळे मिटलेले. व्हर्ना गुडघ्यांवर बसली आणि त्याला जवळ ओढू लागली. तो जागचा हलेना.

मागे फांदी मोडली. एक अनोळखी दाढीवाला बंदूक खाली धरून पुढं आला.

"बाई, असल्या कोटात येतं का कुणी रानात? तुम्ही वाकलात, मला वाटलं हरणीच आहे. चाप ओढणारच होतो."

व्हर्नानं तेव्हा कुठं स्वतःकडं पाहिलं. कोट तपकिरी होता.

"मग का नाही ओढलात?"

"तुमच्या त्या म्हाताऱ्यानं हात वर केला ना. इथं बसलेले, नारिंगी जाकिटातले. कुत्र्यानं त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली होती." तो इकडं तिकडं बघू लागला. "जाकीट फारच आखूड होतं त्यांना, जेमतेम छातीपर्यंत. म्हणून तर ध्यानात राहिलं. गेले कुठं ते?"

व्हर्नानं डीकनच्या फाटक्या कानाला हात लावला, आणि तिला रडू कोसळलं.

संध्याकाळी ती दुकानात आली, तेव्हा ल्युसिएननं न विचारताच कुत्र्याचं जाकीट काढून ठेवलं.

"ते राहू दे," व्हर्ना म्हणाली. "पुरुषाचं दे. चांगलं लांब बघून दे."